डिमेन्शिया म्हणजे नेमकं काय? प्रकार, कारणं आणि लक्षणं यांबद्दल मदत हवी

पारावरचा_वाचक (मूळ प्रश्न)

२१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनासाठी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं चार पानी पत्रक तयार होतंय. कच्च्या मसुद्यात पहिलंच वाक्य आहे, ‘स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) म्हणजेच अल्झायमर’. हे मला खटकतंय. पत्रक घरोघरी जाणार, त्यामुळे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून गोष्ट सोडून देणाऱ्या घरांनाही ते समजलं पाहिजे आणि त्यात चूकही नको.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वयाचं विसरणं आणि आजार यांतला फरक घरच्यांनी कसा ओळखायचा? प्रकार कोणते आणि लक्षणांवरून त्यांचा अंदाज येतो का? आणि कोणती कारणं दूर करता येण्यासारखी असतात, त्यासाठी तपासण्या कोणत्या?

शिवाय मसुद्यात ‘तीस गुणांच्या चाचणीत २४ पेक्षा कमी म्हणजे डिमेन्शिया’ असं एक वाक्य आहे. ते ठेवावं का?

मेंदूविकार_ओपीडी

पहिलं वाक्य नक्की बदला. डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही. कावीळ झाली एवढं कळल्यावरही ती विषाणूने झाली, दारूने झाली की पित्तनलिकेत खडा अडकून झाली, हे शोधावंच लागतं. इथेही तसंच आहे. मेंदूची एकाहून जास्त कामं (स्मरण, भाषा, नियोजन, दिशा, वागण्याचं भान) पूर्वीपेक्षा खालावली आणि त्यामुळे रोजचा व्यवहार दुसऱ्यावर अवलंबून राहू लागला, की त्या अवस्थेला डिमेन्शिया म्हणतात. त्यामागचा सर्वात मोठा आजार अल्झायमर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ६० ते ७० टक्के रुग्णांत त्याचा वाटा असतो. भारतात ६० वर्षांवरच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड अभ्यासाचा अंदाज आहे.

वयाचं विसरणं कसं ओळखायचं? गेल्या आठवड्यात लग्नाला गेलो होतो हे आठवतं, पंगतीत भाजी कोणती होती ते आठवत नाही, हे वयाचं. ‘लग्नाला गेलोच नव्हतो’ असं ठामपणे सांगणं आणि फोटो दाखवूनही ओळख न पटणं, हे आजाराकडे बोट दाखवतं. पण विसरण्यापेक्षा काय *करता येईनासं* झालंय याकडे जास्त लक्ष द्या. आधी गुंतागुंतीची कामं जातात: पेन्शनचा हिशेब, भिशीचे पैसे, गोळ्यांच्या वेळा, चार माणसांचा स्वयंपाक एका वेळी उरकणं. नेसणं, अंघोळ, जेवण ही कामं बरीच नंतर जातात. आपल्याकडे सून किंवा मुलगी हळूहळू सगळं आपल्या हाती घेते आणि मग दोन वर्षं कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून प्रश्न असा विचारा: त्यांना चार दिवस एकटं राहावं लागलं तर कोणती कामं अडतील?

चाचणीत घट दिसते पण व्यवहार अजून स्वतःचे स्वतः होतात, या मधल्या अवस्थेला एमसीआय म्हणतात. स्मृतीच्या दवाखान्यात येणाऱ्या अशा रुग्णांपैकी वर्षाला साधारण १० ते १५ टक्के डिमेन्शियाकडे सरकतात, काही पूर्ववतही होतात. अशांना दर सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा तपासायचं असतं.

आता प्रकार. नावं पाठ करण्यापेक्षा सुरुवात कशाने झाली हे लिहून काढा. शेवटच्या टप्प्यात सगळे प्रकार एकमेकांसारखे दिसतात. फरक पहिल्या एक-दोन वर्षांत असतो, आणि तो घरच्यांनाच ठाऊक असतो.

*अल्झायमर:* सुरुवात ताज्या आठवणींपासून. तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा. चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी स्वच्छ आठवतात, म्हणून घरचे म्हणतात ‘स्मरणशक्ती तर उत्तम आहे’, आणि इथेच फसगत होते. आठवणीला धागा देऊनही ती सापडत नाही, कारण ती मुळात साठलेलीच नसते. नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, लवकर झिजतो. पेशींबाहेर अमायलॉइड आणि पेशींच्या आत टाऊ ही प्रथिनं साचत जातात, आणि हे साचणं लक्षणांच्या दहा-पंधरा वर्षं आधी सुरू झालेलं असतं. पुढे शब्द अडतात, ओळखीच्या रस्त्यावर चुकायला होतं, निऱ्या जमत नाहीत. पत्रकात ‘म्हातारपणाचा आजार’ असं लिहू नका. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या रुग्णाचं वर्णन मांडलं त्या ऑगस्टे डेटर, १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात आल्या तेव्हा ५१ वर्षांच्या होत्या.

*रक्तवाहिन्यांमुळे होणारा, म्हणजे व्हॅस्क्युलर:* पक्षाघातानंतर एकदम घसरण, मग काही महिने स्थिर, मग पुन्हा एक पायरी खाली. पण निम्मी गोष्ट इथे सुटते. कितीतरी जणांना दिसण्याजोगा पक्षाघाताचा झटका कधी येतच नाही. वर्षानुवर्षं बीपी आणि साखर वाढलेली राहिली की मेंदूच्या खोल भागातल्या बारीक वाहिन्या बंद होत जातात. अशा माणसाची स्मृती आधी जात नाही, विचाराचा वेग जातो. उत्तर बरोबर येतं पण उशिरा. पावलं आखूड पडतात, लघवीची घाई होते, उत्साह मावळतो, क्षुल्लक कारणाने रडू कोसळतं. धागा दिला की आठवतं, हा अल्झायमरपासूनचा फरक. तंबाखू आणि मिश्रीबद्दल पत्रकात वेगळी ओळ द्या. मिश्रीला बऱ्याच घरांत व्यसन समजतच नाहीत.

*लेवी बॉडी:* हा ओळखणं सर्वात निकडीचं, कारण चुकीच्या औषधाने धोका याच प्रकारात मोठा. चार खुणा आहेत. सकाळी अगदी नीट आणि दुपारी पूर्ण गोंधळ, असा दिवसागणिक चढउतार. नसलेली माणसं, लहान मुलं, प्राणी स्पष्ट दिसणं. झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणं, ओरडणं, शेजारी झोपलेल्याला मारणं. हे कधीकधी इतर लक्षणांच्या कित्येक वर्षं आधी सुरू होतं. आणि पार्किन्सनसारखा ताठरपणा, मंद हालचाल. हालचालींचा त्रास आधी सुरू होऊन वर्षाहून जास्त काळाने डिमेन्शिया आला तर त्याला पार्किन्सनमधला डिमेन्शिया म्हणतात. दोन्ही वर्षभरात किंवा डिमेन्शिया आधी, तर लेवी बॉडी.

*फ्रंटोटेम्पोरल:* बहुतेकदा ४५ ते ६५ या वयात. स्मृती बरीच शाबूत असते, स्वभाव बदलतो. संकोच सुटतो, घरच्यांच्या दुःखाचं काही वाटेनासं होतं, गोड खाण्याचा हव्यास सुटतो, एकच क्रिया पुन्हा पुन्हा होते, पैसे उधळले जातात. दुसऱ्या रूपात भाषा जाते: एक तर बोलणं अडखळतं, किंवा बोलणं सफाईदार पण शब्दांचे अर्थच हरवतात, ‘विळी म्हणजे काय?’ असं विचारलं जातं. याला आपल्याकडे ‘म्हातारचळ’ म्हणून हिणवतात किंवा थेट मानसिक आजाराचं लेबल लागतं. हा मेंदूच्या पुढच्या भागाचा झिजण्याचा आजार आहे. त्या माणसाचं चारित्र्य बिघडलेलं नाही, हे पत्रकात ठळक छापा.

ऐंशीच्या पुढे मिश्र प्रकार फार सामान्य आहे, अल्झायमर आणि वाहिन्यांचा आजार एकत्र. आणि सगळं काही आठवड्यांत किंवा दोन-तीन महिन्यांत घसरलं, सोबत झटके येत असतील किंवा अंग दचकत असेल, तर तो ओपीडीच्या तारखेची वाट पाहण्याचा रुग्ण नाही, भरती करण्याचा आहे. त्यात प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटण्यासारखी, उपचार करता येण्याजोगी कारणं सापडतात.

फॅमिली_फिजिशियन_कोकण

वरच्या उत्तराला जोड म्हणून दूर करता येणाऱ्या कारणांबद्दल. पूर्ण उलटणारा डिमेन्शिया कमी रुग्णांत सापडतो हे खरं, पण शोधायला खर्च कमी लागतो आणि न शोधल्याचं नुकसान कायमचं असतं. शिवाय अल्झायमर असलेल्यालाही बी-१२ कमी असू शकतं. ते भरून काढलं तर निदान चालण्यातला तोल आणि थकवा सुधारतो.

बी-१२: शुद्ध शाकाहारी, वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणारे, पँटोप्राझोलसारखी आम्लपित्ताची गोळी रोज घेणारे, यांच्यात हमखास बघा. २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता, २०० ते ३०० या पट्ट्यात संशय. तेव्हा होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासून ठरवतात. तळपायाला मुंग्या, अंधारात तोल जाणं ही सोबतची खूण. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून बी-१२ चांगलं असेल असं धरू नका. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या तर रक्त सुधारतं आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते. सुरुवातीला बहुधा १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं देतात, आधी थोड्या थोड्या दिवसांनी आणि मग महिन्याला एक. आणि रक्ताचा नमुना इंजेक्शनच्या आधी द्या. नंतर दिलेल्या नमुन्यातून काहीच कळत नाही.

थायरॉइड: टीएसएच तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. सुस्ती, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणं, आवाज जाड होणं.

डोक्यातला साचलेला रक्तस्राव, सबड्युरल: न्हाणीघरात घसरून डोकं किंचित आपटलं, तेव्हा काहीच झालं नाही, आणि तीन-चार आठवड्यांनी झोपाळूपणा, गोंधळ, एक बाजू लुळी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्त शक्यता. सीटी स्कॅनमध्ये दिसतो, बऱ्याचदा छोट्या शस्त्रक्रियेने निचरा करता येतो.

एनपीएच, म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठणं: क्रम लक्षात ठेवा. आधी चाल बिघडते, पाय जमिनीला चिकटल्यासारखे उचलत नाहीत, मग लघवीवरचा ताबा, मग स्मृती. पाठीतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढून आधी आणि नंतर चालण्याचा वेळ मोजतात. फरक पडला तर शंट, म्हणजे जादा पाणी वळवून नेणारी नळी, बसवण्याचा विचार करता येतो. विसरणं आधी आणि चाल बरीच नंतर बिघडली असेल तर एनपीएचची शक्यता कमी.

नैराश्य: असा माणूस विचारलं की ‘माहीत नाही’ म्हणून थांबतो आणि विसरण्याची तक्रार स्वतःच करतो. अल्झायमरचा माणूस चुकीचं का होईना उत्तर देतो. तक्रार घरचे करतात. पण उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य ही डिमेन्शियाची चाहूलही असू शकते, म्हणून उपचारानंतरही लक्ष ठेवावं लागतं.

तपासण्या: हिमोग्राम, टीएसएच, बी-१२, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन, यकृत, साखर आणि एचबीए१सी, जोडीला एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिससाठीची तपासणी). मग एमआरआय, नाही जमलं तर सीटी. दोन गैरसमज खोडा. एमआरआय नॉर्मल आला म्हणजे डिमेन्शिया नाही असं ठरत नाही. आणि रिपोर्टमध्ये ‘वयोमानानुसार आकुंचन’ लिहिलं म्हणजे डिमेन्शिया आहे असंही नाही, ते वाक्य हजारो निरोगी माणसांच्या रिपोर्टात असतं.

वॉर्डातली_सिस्टर

एक गोष्ट दोन्ही उत्तरांत राहिली, डेलिरियम. काल संध्याकाळपर्यंत ठीक होते, आज सकाळपासून असंबद्ध बोलताहेत, सलाईन उपटताहेत, किंवा उलट नुसते गुंगीत आहेत. तासा-दिवसांत सुरू झालेला गोंधळ म्हणजे डेलिरियम समजूनच कारण शोधायचं: लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, अंगातलं पाणी कमी होणं, सोडियम घसरणं, लघवी तुंबणं, चार दिवस शौच न होणं, नवी गोळी, खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया. म्हाताऱ्या माणसाला संसर्ग असूनही ताप नसतो, हे घरच्यांना माहीत नसतं. गुंगीतला प्रकार जास्त फसवा. माणूस शांत पडून आहे म्हणून कुणी बोलावत नाही. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. कालपर्यंत येत होते आणि आज दोन वारांतच लक्ष तुटतंय, तर आजच दवाखान्यात.

आधीच डिमेन्शिया असलेल्यांत हे जास्त होतं. ‘आजार वाढला’ म्हणून सोडून दिलं जातं आणि साधा लघवीचा संसर्ग रक्तात पसरतो. दिवेलागणीला रोज थोडी चलबिचल वाढणं वेगळं, ते आजाराचा भाग असू शकतं. एकाएकी झालेला बदल कधीच आजाराच्या माथी मारू नका.

चाचणीघर

२४ गुणांचं वाक्य काढा. ती तीस गुणांची चाचणी म्हणजे एमएमएसई. तिच्यात वाचणं, वाक्य लिहिणं, शंभरातून सात-सात वजा करणं, पंचकोनांची आकृती काढणं असं बरंच काही आहे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईचे गुण त्यातच जातात, आणि जिने आयुष्यभर दूधडेअरीचा हिशेब तोंडी ठेवला तिला आपण आजारी ठरवतो. उलट निवृत्त प्राध्यापकाला २८ पडतात आणि आजार सुरू झालेला असतो. हरियाणातल्या बल्लभगडच्या ग्रामीण अभ्यासासाठी हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार झाली ती याच अडचणीमुळे. तिथे वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काही सांगायचं असतं, वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरच्याचं बघून मिटायचे असतात. मॉका ही चाचणी मराठीत उपलब्ध आहे. तिथे ३० पैकी २६ ही मूळ रेषा, आणि शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवतात. अगदी कमी शिकलेल्यांना तेवढी सवलतही पुरत नाही.

गुणांना अर्थ येतो तो त्याच माणसाच्या सहा महिन्यांपूर्वीच्या गुणांशी आणि घरातल्या कामांशी ताडून पाहिल्यावर.

चाचणी बिघडते ती बहुधा साध्या कारणांनी. श्रवणयंत्र घरी राहिलं, चष्मा नाही, रात्रभर प्रवास करून थेट दवाखान्यात, शेजारी बसलेला मुलगा उत्तरं पुरवतोय. भाषेचंही तसंच: मालवणी किंवा अहिराणीत जगलेल्या आजींना प्रमाण मराठीतला प्रश्न कळत नाही आणि चूक त्यांच्या नावावर लागते. तारीख विचारल्यावर कुणी ‘श्रावण वद्य पंचमी’ म्हणालं आणि ते बरोबर असेल, तर त्यांना काळाचं भान आहे. इंग्रजी तारखेचा हट्ट नको.

घरी करून बघण्यासारखं म्हणून लोक घड्याळ काढायला लावतात, अकरा वाजून दहा मिनिटं. उपयोगी आहे, पण लिहिता येणाऱ्यांसाठीच. सगळ्यांना चालेल असं म्हणजे एका मिनिटात भाज्यांची नावं. किती आली यापेक्षा तीच तीच परत येतात का, पंधरा सेकंदांनंतर गाडी थांबते का, हे टिपून डॉक्टरांना सांगा. निकाल स्वतः लावू नका.

पारावरचा_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. २४ चं वाक्य काढलं, डेलिरियमची चौकट वाढवली. आणखी एक प्रश्न. गावात ‘विसरण्याची गोळी’ एकाची दुसऱ्याला दिली जाते. ती सगळ्या प्रकारांत चालते का?

औषधांची_खिडकी

नाही. ही देवाणघेवाण थांबवा, शक्य झालं तर पत्रकात यासाठी अर्धं पान द्या.

डोनेपेझिल अल्झायमरमध्ये आणि लेवी बॉडीत उपयोगी पडतं. लेवी बॉडीत भासही बऱ्याचदा कमी होतात. फ्रंटोटेम्पोरलमध्ये फायदा नाही, वागणं बिघडू शकतं. सुरुवात ५ मिलिग्रॅमने, किमान चार आठवड्यांनी सोसलं तर १०. मळमळ, जुलाब, नाडी मंदावणं हे त्रास, म्हणून नाडी आधीच मंद असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी ईसीजी. भयानक स्वप्नं पडत असतील तर रात्रीची गोळी सकाळी घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. त्याच गटातल्या रिवास्टिग्मिनचा त्वचेवर चिकटवायचा पॅच लावताना होणारी नेहमीची चूक म्हणजे जुना न काढता नवा लावणं. मात्रा दुप्पट होते, उलट्या सुरू होतात. त्याच जागी १४ दिवस पुन्हा लावायचा नाही. मेमँटिन मध्यम आणि पुढच्या टप्प्यातल्या अल्झायमरसाठी, आठवड्याला ५ मिलिग्रॅम वाढवत २० पर्यंत, मूत्रपिंड कमजोर असेल तर कमी. यातलं कुठलंही आजार उलटवत नाही; काही काळ व्यवहार टिकवतं, एवढी अपेक्षा ठेवली की मध्येच बंद करण्याची चूक होत नाही.

लेवी बॉडीच्या रुग्णाला भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉल (मनोविकारातल्या भास-भ्रमांवरचं औषध) दिलं तर अंग लाकडासारखं ताठ होऊन जिवावर बेतू शकतं. घरच्यांनी फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने ‘लेवी बॉडी, हॅलोपेरिडॉल नको’ असं आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावं, कारण रात्री अपघात विभागात कुणाला इतिहास माहीत नसतो. इतर प्रकारांतही या गटातल्या औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून ती कमीत कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी.

आणि विसरणं *वाढवणारी* औषधं घरातच असतात. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, मज्जातंतूंच्या दुखण्यासाठीचं अमिट्रिप्टिलिन, कंपासाठीचं ट्रायहेक्सिफेनिडिल, लघवीच्या घाईसाठीचं ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी वर्षानुवर्षं चाललेलं अल्प्राझोलम. पहिली चार डोनेपेझिलच्या बरोबर उलट काम करतात, तरी एकाच चिठ्ठीत दोन्ही दिसतात. झोपेची गोळी मात्र एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टर आठवड्या-आठवड्याने कमी करतात.

मेंदूविकार_ओपीडी

वरच्याशी पूर्ण सहमत. टाळता येण्याजोग्या कारणांसाठी जागा उरली असेल तर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने १४ घटक दिले आहेत आणि ते सगळे दूर झाले तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा अंदाज आहे. चौदाही छापू नका, कुणी वाचणार नाही. तीन घ्या: चाळिशीपासून बीपीवर नियंत्रण, कमी ऐकू येत असेल तर वेळेवर श्रवणयंत्र, तंबाखू बंद. श्रवणयंत्राची लोकांना लाज वाटते, म्हणून ते पहिलं लिहा.

निदान लवकर झालं तर कागदपत्रांचाही विचार करा. आपल्या कायद्यात देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र संपतं. बँकेतलं नामांकन, संयुक्त खातं, मृत्युपत्र हे त्यांना समजतंय तोवर, त्यांच्याच इच्छेने; मृत्युपत्रासोबत त्या दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं.

पारावरचा_वाचक

शेवटच्या पानाची चौकट अशी केली आहे, बघून घ्या:

‘डॉक्टरांकडे जाताना: १. पहिला बदल कोणता आणि कोणत्या महिन्यात, ते लिहिलेला कागद. २. पूर्वी करत असलेली पण आता बंद पडलेली कामं. ३. चष्मा आणि श्रवणयंत्र. ४. चालू गोळ्यांची यादी. ५. पडणं, भास, झोपेतलं ओरडणं, लघवीचा त्रास, यांतलं काही असेल तर विचारायची वाट न बघता सांगा. ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७.’

औषधांची_खिडकी

चौथ्यात ‘यादी’ऐवजी ‘सगळ्या गोळ्यांची पिशवी’ करा. यादीत सर्दीची गोळी, शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी आणि चूर्णाच्या पुड्या लिहायच्या राहतात. पिशवी टेबलावर रिकामी केली की त्या दिसतात.

वॉर्डातली_सिस्टर

आणि पाचव्यात शौच किती दिवसांनी होते तेही घाला. लाजेने सांगत नाहीत.

पारावरचा_वाचक

दोन्ही बदल केले. उद्या छपाईला देतो.